कडेचे प्यादे

बांदेकर मास्तरांच्या शेवटच्या कार्डाला मी उत्तर दिले नाही. वर नेहमीप्रमाणे खेळीचे चार आकडे होते आणि खाली त्यांच्या टपोऱ्या, फळ्यावर लिहिल्यासारख्या अक्षरात मजकूर होता: ‘या मे महिन्यात सावंतवाडीस यावे. लाखकाम केलेला नवा पट घेतला आहे. इतकी वर्षे कार्डांवर भांडलो, एकदा समोरासमोर बसू. आंबे आहेतच.’

त्या वेळी मी कऱ्हाडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. मास्तर सावंतवाडीच्या शाळेत गणित शिकवत. एका मासिकाच्या मागच्या पानावर टपालाने बुद्धिबळ खेळू इच्छिणाऱ्यांचे पत्ते छापून येत, तिथून आमची जोडी जमली. आपली खेळी कार्डावर लिहून टाकायची, समोरच्याची खेळी आठवड्याने यायची. घरात एक पट कायम मांडलेला असायचा आणि त्यावरची धूळ मोहरी न हलवता पुसायची. एक डाव वर्षभर चाले. खेळीखाली दोन ओळी मोकळ्या राहत. त्यात मास्तरांनी मला वडील गेल्याचे कळवले, मुलगी झाल्याचे कळवले, एका पावसाळ्यात शाळेचे छप्पर उडाल्याचेही कळवले.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असे नाही. ‘येतो’ लिहिले आणि खोडले. ‘येणे जमणार नाही’ लिहिले, तेही खोडले. कार्डावरचा मी बरा खेळाडू होतो, कारण हाताशी ग्रंथालयाचे आख्खे कपाट होते आणि विचाराला आठवडा होता. समोर बसल्यावर दहा खेळ्यांत माझे पितळ उघडे पडले असते, आणि त्याहून वाईट म्हणजे आंबे खाताना काय बोलायचे, हा प्रश्न होता. मे संपला. मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली, आणि लाजेने आणखी उशीर झाला. मास्तरांनीही पुन्हा लिहिले नाही.

आमच्या त्या डावांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कार्डावर घरांची नावे आकड्यांत लिहीत: आधी उभ्या पट्टीचा आकडा, मग आडव्या पट्टीचा. पहिल्याच डावात मला उंटासाठी वाट करायची होती. ७२७३ लिहायचे ते मी ८२८३ लिहिले आणि कार्ड पेटीत टाकले. म्हणजे भलतेच, अगदी कडेचे प्यादे एक घर पुढे सरकले. टपालाच्या खेळात टाकलेली खेळी परत घेता येत नाही. चूक झाली असे कळवायलाही मी लाजलो. उलट, ती खेळी मुद्दाम केली होती असे वाटावे म्हणून पुढच्या डावातही तीच केली, आणि मग प्रत्येक डावात. मास्तर तिला ‘कऱ्हाडी प्यादे’ म्हणू लागले. माझ्या खेळाला कसली शैली असेल, तर ती या चुकीतून आलेली.

निवृत्तीनंतर मी ‘चौसष्ट’ नावाच्या संकेतस्थळावर खेळू लागलो. तिथे माझे नाव ‘जुनाचष्मा’. खेळ अगदीच बेताचा. दिसेल त्या मोहऱ्याची अदलाबदल करायची, पट मोकळा करायचा आणि बरोबरी मागायची. गेल्या वर्षी चौसष्टने ‘उद्याचा मी’ आणला, आणि माझा खेळ बदलला.

ग्रंथालयात आयुष्य गेल्यामुळे ते यंत्र मला पुस्तकांच्या वर्गांकावरून समजले. पुस्तकावरचा आकडा त्याची फडताळावरची जागा ठरवतो, आणि सारख्या विषयाची पुस्तके शेजारी येतात. हे यंत्र प्रत्येक खेळाडूला अशी जागा देते. फक्त एका आकड्याने भागत नाही, काही शे आकडे लागतात. घोड्यावर जीव किती, वजीर केव्हा बाहेर काढतो, भ्याला की काय करतो, कुठे रेंगाळतो, हे सगळे त्या आकड्यांत असते. सर्वांत चांगली खेळी सांगणारी यंत्रे माझ्या चाळिशीतच आली होती. हे यंत्र वेगळे. कोट्यवधी साध्या माणसांचे डाव वाचून ते शिकले होते, आणि हा माणूस या जागी काय खेळेल, कोणती चूक करील, हे सांगत होते.

पुढची पायरी सोपी होती. मागच्या महिन्यातला मी एका जागी, या महिन्यातला मी दुसऱ्या. दोन ठिपके जोडायचे आणि रेघ पुढे वाढवायची. तिथे जो बसलेला असेल, तो उद्याचा मी. रोज त्याच्याशी खेळायचे. तो अगदी आपल्यासारखा असतो, पण आपल्याहून थोडा बरा. त्याच्याकडून हरताना अपमान वाटत नाही, थोडा मत्सर वाटतो. आपण त्याला गाठले की तो पुढे सरकतो.

सहा महिन्यांत माझे गुण दीडपट झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी हल्ला केला, मोहरे बळी देऊन डाव जिंकला. यंत्राने मला एक गोष्ट शिकवली: पुढच्या खेळ्यांची जी फांदी कामाची नाही, तिचा विचारच करायचा नाही.

हे पटापुरते राहिले असते तर बरे झाले असते.

“अहो, भाजी कोणती—” कुमुदने एकदा स्वयंपाकघरातून विचारले.

“दोडका,” मी म्हणालो.

ती हात पुसत बाहेर आली. “भाजी कोणती खराब निघाली, असं विचारत होते. पिशवीला वास येतोय. पण तुमचं उत्तर तयार.”

“मला वाटलं—”

“तुम्हाला हल्ली फार लवकर वाटतं. पूर्वी दोन शर्टांपुढे अर्धा तास उभे राहायचात. तेवढ्यात माझा सगळा बाजार व्हायचा. दुकानदार विचारायचा, वहिनी, साहेबांना खुर्ची देऊ का? आता मलाच तुमच्यामागे पळावं लागतं.”

“सुधारणा आहे की मग.”

“आहे ना. फक्त चाळीस वर्षं ज्याच्याशी बोलत होते तो गृहस्थ दिसला तर सांगा. त्याला माझं वाक्य पुरं ऐकायची सवय होती.”

मी हसलो, पण ते मनाला लागले.

तेव्हाच यंत्राने सुचवले की जुने डाव असतील तर भरा, रेघ जितकी लांब तितकी सरळ येते. मी कपाटातून मास्तरांची कार्डे काढली. माझ्या खेळ्या मी त्या काळी एका डायरीत उतरवून ठेवत असे. चार दुपारी बसून सगळे डाव भरले. भरताना मजकूरही वाचत होतो. ‘मुलगी आज प्रथम चालली. पटावरचा आपला हत्ती उचलून घेऊन गेली. खेळी वैध धरावी काय?’ मी एकटाच मोठ्याने हसलो.

शेवटचा डाव भरला आणि पडद्यावर एक चौकट आली. माझ्याबद्दल त्यात काही नव्हते. ‘या डावांतील प्रतिस्पर्ध्याची शैली चौसष्टवरील एका चालू खेळाडूशी मोठ्या प्रमाणात जुळते: मोतीतलाव.’

सावंतवाडीच्या मधोमध जे तळे आहे त्याचे नाव मोती तलाव.

मी त्या खात्यावरच्या वेळा पाहिल्या. मास्तर जिवंत होते आणि रोज सकाळी दहा वाजता ऑनलाइन खेळायला येत होते.

दुसऱ्या दिवशी दहाला मी त्यांना डावाचे आमंत्रण पाठवले. नाव सांगितले नाही. म्हटले, आधी खेळू, मग बघू. नव्या पद्धतीने खेळलो आणि विसाव्या खेळीच्या आत त्यांचा वजीर पकडला. खालच्या संवादपट्टीत त्यांनी लिहिले, “उत्तम खेळता. अगदी आजच्या काळाचा खेळ.”

“आपणही छान खेळता,” मी लिहिले.

“छे हो. पूर्वी बरा खेळत असे. कऱ्हाडचे एक गृहस्थ होते माझ्याबरोबर. ते असे अंगावर येत नसत. त्यांचा खेळ म्हणजे दारात उभे राहून आत येऊ का विचारणारा. त्याची मजा वेगळी.”

‘तो मीच’ असे लिहायला बोटे पुढे केली, आणि जमले नाही. ज्याला त्यांनी ओळखले नाही, त्याने ओळख कशी सांगायची?

मग मी जे करायला नको होते ते केले. चौसष्टवर कोणाही खेळाडूची रेघ पुढे वाढवून त्याच्या ‘उद्या’शी सराव करता येतो. स्पर्धेची तयारी म्हणून ती सोय ठेवली आहे. मी मोतीतलावचे नाव घातले. मास्तरांची रेघ गेल्या दोन वर्षांत खाली वळली होती, आणि हळूहळू जास्त खाली जात होती. मी एक वर्ष पुढचे बांदेकर मागितले.

सुरुवातीच्या खेळ्या त्यांच्याच होत्या. मी एका बाजूने चाल केली आणि त्यांनी घोडा बाहेर काढला. पुढच्या खेळीला तो परत घेतला. पुन्हा काढला. पुन्हा परत. मी त्यांचा उंट मारला, हत्ती मारला. तिकडे तो घोडा दोनच घरांत ये-जा करत राहिला, बंद खोलीत येरझारा घालणाऱ्या माणसासारखा. मी शह दिला तर राजा तेवढा बाजूला व्हायचा, आणि मग पुन्हा घोडा. शेवटी मला मात करवेना. मी उठून यंत्र बंद केले.

कुमुद शेंगा सोलत बसली होती. तिला सगळे सांगितले. कार्डाचेही, जे इतक्या वर्षांत कधी सांगितले नव्हते.

ती म्हणाली, “यंत्राचं चुकत असेल.”

“असेल. दोन ठिपक्यांवरून रेघ ओढतात. माणूस काही रेघेवर चालत नाही. पण चुकत नसेल तर वर्षभराने मी त्यांच्याशी खेळेन आणि समोर तेच असतील, तरी ते नसतील.”

“तुमची रेघ कुठे जाते?”

“पाहिली नाही.”

“पाहू नका.” तिने दाणे ताटलीत ओतले. “आणि आता काय, त्या रेघेला विचारून मास्तरांना नाव सांगणार आहात का?”

“नाव सांगितलं आणि त्यांना खरं वाटलं नाही तर? आज त्यांनी जो खेळ पाहिला तो कऱ्हाडवाल्याचा नाहीच, असं ते स्वतःच म्हणाले.”

“मग त्या कऱ्हाडवाल्यासारखं खेळा की! मलाही त्याला भेटायचं आहे. बरेच दिवस झाले.”

वाटले तितके ते सोपे नव्हते. दुसऱ्या दिवशी दहाला डाव सुरू झाला, पांढरी मोहरी मला. तिसरी खेळी आली आणि माझे बोट आपोआप चांगल्या खेळीकडे निघाले. सहा महिन्यांची सवय ती. मी हात मागे घेतला. मग कडेचे प्यादे उचलले आणि एक घर पुढे ठेवले.

यंत्राने लगेच लाल पट्टी दाखवली: ‘ही खेळी आपल्या शैलीची नाही. चुकून बोट लागले का?’

चुकूनच लागले होते, फार वर्षांपूर्वी. मी पट्टी मिटवली.

पलीकडे मास्तरांचे घड्याळ चालू होते. खेळी येईना. अर्धा वेळ संपला, तरी येईना. मला वाटले, त्यांना काही आठवतच नसेल, मी उगाच एक प्यादे वाया घालवले. मग पट्टीत एक शब्द उमटला.

“कऱ्हाड?”

मी “हो” लिहिले.

“खटावकर?”

“हो मास्तर.”

कार्डांवर त्यांनी मला कायम ‘आपण’ म्हटले होते. आता लिहिले, “खंय होतास रे इतकी वर्सां?”

त्याला काय उत्तर द्यायचे? मी लिहिले, “इथेच होतो.” मग जे कधी लिहिले नव्हते तेही लिहिले: “मास्तर, ते प्यादे म्हणजे चूक होती. बहात्तरच्या जागी ब्याऐंशी लिहिले गेले.”

“ते पहिल्या कार्डालाच कळले होते. गणिताचा मास्तर मी. चुकीची उत्तरे तपासण्यात जन्म गेला.”

“मग बोलला नाहीत?”

“बोलणार होतो. पण दुसऱ्या डावात प्यादे पुन्हा आले. म्हटले, हा माणूस आपली चूक एवढ्या इमानाने सांभाळतो, याच्याशी खेळायलाच हवे.”

त्यांचे घड्याळ कधी संपले आम्हा दोघांनाही कळले नाही. यंत्राने मला विजयी घोषित केले. आम्ही तासभर बोलत राहिलो. शाळेचे छप्पर, वडील, लाखेचा पट. मी म्हणालो, येतो. ते म्हणाले, “आंबे आता मोजून खातो, पण आहेत.” कुमुद मागे उभी राहून वाचत होती.

तिसऱ्या दिवशी दहाला मी उत्साहाने लिहिले, “मास्तर, नमस्कार. निघायचे बघतो आहे.”

उत्तर आले: “नमस्कार. आपण कुठले? आपल्याशी पूर्वी खेळल्याचे स्मरत नाही.”

थोड्या वेळाने दुसऱ्याच कुणाचे तरी लिहिणे सुरू झाले.

“काका, मी तनुजा, मास्तरांची मुलगी. काल तुमचं सगळं मी शेजारी बसून वाचत होते. बाबा दुपारभर गाणं म्हणत होते. संध्याकाळी मला विचारलं, आज कोणी आलं होतं का गं? तुमचं सांगितलं तर म्हणाले, खटावकर? त्याचं कार्ड यायचंय अजून. पडद्यावरचं त्यांच्याजवळ राहत नाही. डॉक्टर म्हणतात, आता असंच होणार.”

यंत्राचे चुकले नव्हते, हे वाचून मला अजिबात बरे वाटले नाही.

“मी उद्याच गाडी धरतो,” मी लिहिले. “समोर आलो की ओळखतील.”

“काका, तुमचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाय? दारात उभे राहिलात तर तुमचं स्वागत करतील, चहा देतील, आणि दहा मिनिटांनी विचारतील, आपण कोण. पण तुमची कार्डं त्यांच्या उशाशी असतात. रोज सकाळी वाचतात, अगदी पहिल्यांदा वाचल्यासारखी. ते अक्षर त्यांना ओळखता येतं. शेवटचा डाव अजून मांडून ठेवलाय. मला त्या पटावरची धूळसुद्धा पुसू देत नाहीत. वाचून झालं की विचारतात, टपाल आलं का? या ना तुम्ही. पण आधी कार्ड टाका. ते हातात असलं तर रोज सकाळी त्यांना कळेल, कोण येणार आहे ते.”

पोस्टकार्ड आता कोणी मागत नाही. मुख्य टपाल कचेरीतल्या मुलीने दोन खण उघडले, मग मागच्या खोलीत गेली आणि एक गठ्ठा झटकत बाहेर आली.

“किती हवीत काका?”

“एक.”

“एकच? अहो, गठ्ठा आख्खा पडलाय. सुनेला, नातवंडांना, कुणाला तरी लिहा की!”

मी दहा घेतली. चुकलो तर पुन्हा लिहिता यावे म्हणून.

घरी येऊन टेबलाशी बसलो. शेवटच्या डावाची स्थिती मला पाठ आहे. आंघोळ करताना, रांगेत उभा असताना, कुणाच्या तरी लग्नात अक्षता हातात घेऊन, मी त्या स्थितीत खेळत आलो आहे. मास्तरांच्या हत्तीने माझ्या राजावर नजर धरली आहे. यंत्रात ती स्थिती घातली असती तर ‘उद्याचा मी’ काय खेळेल ते क्षणात कळले असते, जुना भित्रा मी काय खेळेन तेही. मी ती घातली नाही. माझी खेळी मी लिहिली: घोड्याने मधले प्यादे मारले. ती बरोबर असेलच असे नाही. बहुधा नसेल.

टपालाच्या खेळात वेळ वाचवायची एक रीत असते. समोरचा काय खेळेल याचा अंदाज बांधून आपले पुढचे उत्तर आधीच लिहून टाकायचे: जर तुम्ही हे, तर मी ते. त्याला जर-तर म्हणत. मास्तर पाच-पाच जर-तर पाठवत. मी कधीच पाठवले नाही. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते मला कळते, असे छातीठोक लिहून देणे माझ्याने होत नसे. या वेळी मात्र खेळीखालच्या सगळ्या जागेत मी तेच लिहिले.

“झालं का? वाचून दाखवा,” कुमुद म्हणाली.

मी वाचले.

‘प्रिय मास्तर, सा. न. वि. वि. उत्तरास विलंब झाला. जर हत्ती मागे घेतलात, तर माझा घोडा आपल्या वजिरावर. जर हत्तीने घोडा मारलात, तर प्याद्याने हत्ती. जर बरोबरी मागितलीत, तर मान्य नाही. जर हे कार्ड वाचून विसरलात, तर पुन्हा वाचावे: मी आणि सौ. कुमुद वीस तारखेस, शुक्रवारी, दुपारच्या गाडीने येत आहोत. जर दारात ओळखले नाहीत, तर मी कार्डावरची हीच खेळी आपल्या पटावर करीन. आपला, चिंतामणी खटावकर.’

तिने वाक्य पुरे होऊ दिले, मग विचारले.

“शुक्रवारच्या गाडीचं आरक्षण केलंत?”

“नाही अजून. आधी कार्ड.”

“कुठल्या पेटीत टाकणार? आपल्या कोपऱ्यावरची काढून टाकली.”

“कचेरीच्या दाराशी एक आहे.”

ती चपला घालून बरोबर निघाली. रस्ताभर तिच्या भाचीच्या घरातले काही ती सांगत होती, पुष्कळ फाटे फुटलेले, आणि मी शेवटपर्यंत ऐकले. पेटीच्या तोंडाशी उभे राहून मी कार्डावरचे आकडे आणखी एकदा तपासले. मग सोडले. ते थेट खाली जाऊन पत्र्यावर वाजले. पेटीत दुसरे काही नव्हते.